ल्युकेमियात गोवा सर्वांत खाली

"नाईक, गोवा जगात पहिला आला!" असं म्हणत आमचे डायरेक्टर सकाळीच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

गोव्याला राज्याचा दर्जा नुकताच मिळाला होता. पणजीतलं प्रत्येक खातं आपण कशात तरी पहिले आहोत हे दाखवायच्या मागे लागलं होतं. मी आरोग्याची आकडेवारी बघायचो. सरांनी मलेरिया पाहिला, क्षय पाहिला, कुठेच डाळ शिजेना. शेवटी पुरुषांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, त्यांना गोवा सापडला: मृत्युदर सर्वांत कमी, म्हणून पहिला.

मृत्युदर म्हणजे दर लाख पुरुषांमागे वर्षात त्या आजाराने किती गेले. काही देशांत म्हातारे जास्त असतात, म्हणून वयाचा हिशेब सारखा करून मगच तुलना करतात. तेही केलं. श्रीमंत देश वर, गोवा जवळजवळ शून्यावर.

"सर, आपल्याकडे हा आजार ओळखतो कोण?" मी म्हटलं. "डिचोली-पेडण्यासारख्या तालुक्यांत रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा माणूस नाही. ज्यांना कळतं ते मुंबईला जातात. तिथं वारले की नोंद मुंबईची."

"मग मुंबईने बघावं ते! डिचोलीच्या आरोग्य प्रदर्शनात मोठा बोर्ड लाव."

माझा संताप झाला, कारण डिचोलीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई लॅब टेक्निशियनसाठी कधीपासून भांडत होत्या. शिरगावचा एक ट्रकवाला सारखा ताप घेऊन त्यांच्याकडे येई.

"मलेरियाच्या गोळ्या देऊन थकले," त्या मला म्हणाल्या. "मला त्याच्या रक्ताचाच संशय आहे, नाईकबाब. पणजीला जा म्हटलं तर म्हणतो, खनिजाची ट्रिप बुडते. काच इथंच बघता आली तर त्याला धरून पाठवीन."

आणि सर त्यांच्या मागणीवर शेरा मारायला बसले होते: रोगच नाही, सबब गरज नाही.

उद्घाटनाला मंत्री आले. पेंटरने देशांची नावं वरून खाली रंगवली होती. अगदी तळाला गोवा, शेजारी हौसेनं काढलेला माड. मंत्री तिथंच थबकले.

"हें कितें? आतांच राज्य जालें आमचें, आनी गोंय सगळ्यांच्या सकयल?"

"सर, सकयल म्हळ्यार बरेंच…" खालचा नंबरच चांगला, हे डायरेक्टर समजावू लागले.

"सकयल आसप बरें? कोणें शिकयलें तुका?"

मी पुढे झालो. "मंत्रीबाब, वयर वचूंक मेळटा. डिचोलेंत रगत तपासपी मनीस जाय."

वर जाता येतं, फक्त डिचोलीत रक्त तपासणारा माणूस हवा, यात खोटं काहीच नव्हतं. आजार ओळखला की मृत्यूची नोंद त्याच्या नावावर होते, नोंद झाली की आकडा वाढतो.

"मागीर मनीस दी मरे!" मंत्री डायरेक्टरांवर कडाडले. "फुडल्या वर्सा गोंय वयर दिसूंक जाय."

बाजूला उभ्या डॉक्टरबाईंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला. सरांनी नंतर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं, पण टेक्निशियन महिन्याच्या आत हजर झाला. ट्रकवाल्याची काच पहिल्याच आठवड्यात बघितली गेली. बाईंचा संशय खरा निघाला. त्यांनी त्याच्या भावाला दमात घेतलं आणि दोघांना उपचारासाठी मोठ्या इस्पितळात रवाना केलं.

पुढच्या प्रदर्शनात गोवा खरोखरच वर सरकला. मंत्र्यांनी हार घातलेल्या गळ्याने सर्वांचं अभिनंदन केलं. मी तेव्हापासून कुठलाही शून्य बघितला की आधी विचारतो, तपासलं कोणी? ट्रकवाल्याचा मात्र गोव्याच्या चढाईला काडीचाही उपयोग झाला नाही. तो जिवंत राहिला.