प्राण्यांनी बोलायचं नाही

बातमीला जागा लागते, किश्शाला चहा पुरतो. म्हणून पत्रकाराकडे बातम्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. ज्या बातम्या छापल्या जात नाहीत, त्यांचेही शेवटी किस्सेच होतात. माझ्याकडचे बरेचसे असेच आहेत. सांगते तेव्हा लोक हसतात. हसू दे. निदान ऐकतात तरी.

हे एकाच ठिकाणचे आहेत. घोडपदेवच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका गिरणीच्या जागेवर प्राण्यांच्या थीमचं एक ॲम्युझमेंट पार्क उभं आहे. नाव लिहीत नाही. वकिलांच्या नोटिशीची भीती नाही, पण त्यांची फुकट जाहिरात माझ्या हातून होणार नाही. पार्काच्या मागच्या गेटासमोर चहाची टपरी आहे. आतल्या स्टेजवर प्राण्यांचे लाइव्ह शो होतात आणि दोन शोच्या मधल्या वेळात ते प्राणी तिथे कटिंग प्यायला येतात. घामानं भिजलेले टी-शर्ट घातलेले, साधे प्राणी.

*

मुळात खरे प्राणी आणायचे होते. पोपट सायकल चालवणार, कुत्रे आगीच्या कड्यातून उड्या मारणार, असं काय काय ठरलं होतं. परवानगी मिळाली नाही. मग माणसांना कापसाचे आणि फोमचे सूट घालून उभं करायचं ठरलं. "स्थानिकांना प्राधान्य" अशी पाटीही लागली. पार्काच्या भिंतीला लागूनच एक जुनी चाळ आहे. तिथलेच बरेच जण भरती झाले.

त्यातली सुनीता कांबळे. तिचे वडील भीमजयंतीला गाणी म्हणायचे, तिचाही आवाज खणखणीत. तिला हत्ती मिळाला. तोही पुढचा नाही, मागचा. हत्तीच्या सुटात दोन माणसं असतात. पुढचे पाय मंगेशचे, मागचे सुनीताचे. तिला आतून फक्त मंगेशची पाठ दिसते.

मी पहिल्यांदा टपरीवर गेले तेव्हा विचारलं, "नोकरी कशी मिळाली गं?"

म्हणाली, "प्राण्यांचे हाल करायला बंदी आहे ना, ताई. म्हणून आम्हाला घेतलं."

*

पार्काचा एक नियम आहे: प्राण्यांनी बोलायचं नाही. लोकांसमोर सुटाचं मुंडकं काढायचं नाही. काढलं की त्याच दिवशी घरी. का, तर लहान मुलांचा भ्रम मोडतो. हा नियम ज्यानं केला तो एक्सपीरियन्स मॅनेजर, समीर नावाचा. अंधेरीहून गाडीनं येतो, कानात कायम वायर. गर्जना, चीत्कार, गुरगुर सगळं एका स्टुडिओत रेकॉर्ड करून आणलंय. ते ठरल्या वेळी स्पीकरवर वाजतं, प्राण्यानं फक्त जबडा हलवायचा.

नियमाचा त्रास सगळ्यांना झाला, एक सोडून. सिंह. सिंह म्हणजे दत्ताराम मेस्त्री, आमचे दत्ताकाका. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी दशावतारात होते. त्यांचं म्हणणं साधं. "एकदा मुखवटा चढवला की दत्ता संपला. आमच्या कंपनीत तर त्यानंतर बायकोनं हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

त्यांची एक रीत होती. पहिल्या शोच्या दिवशी त्यांनी सिंहाचं मुंडकं विंगेत एका स्टुलावर ठेवलं, हात जोडले आणि मग डोक्यावर चढवलं. रोज तसंच. सुनीतानं विचारलं, "काका, उतरवताना नाही का पाया पडत?"

"उतरवताना नाही. हंगाम संपला की मुखवटा जमिनीवर ठेवायचा आणि एकदाच पाया पडायचं. मग तो पुढच्या हंगामापर्यंत कुणी डोक्याला लावत नाही."

"इथं हंगाम कधी संपतो?"

"तुका सोडतीत तेव्हा," काका म्हणाले.

*

मे महिन्यात अस्वल पडलं.

अस्वल म्हणजे विलास. उमदा माणूस, टपरीवर सगळ्यांच्या नकला करायचा. दुपारचा शो, वर पत्र्याचं छप्पर, अंगावर तो सूट. सुटाच्या आत घालायला बर्फाच्या पिशव्या देणार होते, त्या आल्याच नव्हत्या. गाण्याच्या मध्येच विलास गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

सूत्रसंचालन करणारी मुलगी हजरजबाबी निघाली. माइकवर म्हणाली, "अरे, अस्वलदादा तर झोपले! जोरात टाळ्या झाल्या पाहिजेत, म्हणजे उठतील!" तिला काय झालंय ते खरंच कळलं नव्हतं. पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. पोरांनी "उठ, उठ" करून गलका केला. काकांना कळलं होतं. पण सिंहानं बोलायचं नसतं. सिंहानं आणि हत्तीनं गाण्याच्या ठेक्यावर, नाचत नाचत, अस्वलाला पाय धरून विंगेत ओढून नेलं.

सुनीता पुढे मला म्हणाली, "मागे मला काय दिसतंय? मंगेश ओढतोय एवढं कळलं. वाटलं, नवीन स्टेप आहे. मी पण पाय आपटले."

विलास वाचला. अंगातलं पाणी संपून मूत्रपिंडाला मार बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हा सूट पुन्हा अंगाला लावायचा नाही. पार्कानं नवीन अस्वल घेतलं. पण "झोपणारं अस्वल" लोकांना फार आवडलं होतं, ते काढायचं कसं? समीरनं विलासला बोलावून घेतलं. नवीन माणसाला पडायला शिकव म्हणाला.

"मी म्हटलं, सर, मी पडलो ते मला आठवतच नाही," विलास सांगत होता. "तर म्हणाले, व्हिडिओ आहे. तो बघून शिकव."

त्यानं शिकवलं.

*

हे मी लिहून दिलं. संपादक माझ्यापेक्षा वयानं लहान, मला ताई म्हणतो. वाचून म्हणाला, "ताई, अस्वल पडलं आणि उठलं. यात बातमी कुठाय?"

"अस्वल नाही, विलास पडला. आणि तो उठला नाही. त्याला उचलला."

"तसं नाही, पण त्यांची पानभर जाहिरात ठरलीये."

"मग जाहिरातीच्या मागे छाप."

भांडण मजल्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. बातमी आली नाही. जाहिरात आली. सबंध पहिलं पान. मधोमध अस्वल, आडवं पडलेलं, आणि पोरं टाळ्या वाजवताहेत.

विलासच्या आईनं ते पान दाराला लावलं. चाळीत येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, हा आमचा विलास. कोण काय बोलणार तिला?

*

विलास पडला त्या दिवसापासून टपरीवर काका गप्प झाले. एकदा सुनीतानं, तिच्या सवयीप्रमाणे, तोंडावर विचारलं. "काका, राग मानू नका. त्या दिवशी तुम्ही मुंडकं काढून ओरडला असतात तर?"

मंगेश म्हणाला, "ए, गप ना."

"का गप? मला दिसत नव्हतं. यांना दिसत होतं."

काकांनी ग्लास खाली ठेवला. चहा तसाच होता. म्हणाले, "बरोबर बोलतंस गो." आणि पुढच्या शोला निघून गेले.

*

मग पार्क वाढवायची फेज टू आली. कलाकारांना आधी दाखवू म्हणून समीरनं सगळ्यांना एसी हॉलमध्ये नेलं. काचेखाली पार्काचं मॉडेल होतं. छोटी झाडं, छोटे तलाव, टाचणीएवढी माणसं. सगळी वाकून वाकून आपली चाळ शोधत होती. भिंत सापडली, चाळ सापडेना.

सुनीतानं बोट ठेवलं. "हे गुलाबी काय आहे?"

"फ्लेमिंगो लगून," समीर म्हणाला.

"माझी मोरी आहे ती."

काकांच्या खोलीच्या जागी वाघाची गुहा होती. त्यांचे वडील याच गिरणीत साच्यावर कापड विणायचे. त्यांनी घेतलेली खोली, त्यातच काकांचं लग्न, त्यातच पोरीचं बारसं. पर्यायी घर मिळणार होतं, कल्याणच्याही पुढे. "पण नोकरी पक्की," समीर म्हणाला. "तुम्ही लोक तर आमची फॅमिली आहात."

"मग फॅमिलीला कल्याणच्या पुढं का टाकताय?" सुनीता म्हणाली. समीरच्या कानातल्या वायरीत कुणीतरी बोलत असावं. तो तिकडे ऐकत राहिला.

चाळीला एकच आशा उरली होती. लेखी हरकतींची मुदत नोटीस हातात पडायच्या आधीच संपली होती. पण तोंडी सुनावणी व्हायची होती. तिथे ज्याच्या नावावर खोली आहे त्यानं स्वतः उभं राहून हरकत घेतली, तर चाळीची मोजणी पुन्हा होणार आणि तोवर काम थांबणार. कुणी बोललंच नाही, तर चाळीची संमती आहे असं धरणार.

सुनावणीची जागा: पार्काचं स्टेज. वेळ: रविवार दुपार, शो चालू असताना. रहिवाशांना पास फुकट. कलाकारांच्या रजा रद्द.

आता कळलं ना? खोल्या ज्यांच्या नावावर, त्यातले बहुतेक सगळे त्या वेळी मुंडकी घालून स्टेजवर असणार होते. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते मी खूप शोधलं. सगळे म्हणाले, योगायोग.

*

त्या रविवारी मी रहिवाशांच्या रांगेत बसले होते, शुभांगीकाकूंच्या शेजारी. काकू म्हणजे दत्ताकाकांची बायको. त्यांनी हा शो कधी बघितलाच नव्हता. सिंह पायऱ्या चढून आला आणि त्या म्हणाल्या, "तो बघा. उजवा गुडघा दुखतो त्यांचा." मुलं सिंहाची शेपटी ओढत होती. सिंह निमूट उभा. "आणि घरात भाजीत मीठ कमी पडलं तर केवढ्यानं ओरडतात," काकू म्हणाल्या.

गाणं झालं, अस्वल पडलं, टाळ्या झाल्या, अस्वल उठलं. मग स्टेजच्या एका कोपऱ्यात टेबल मांडलं. सरकारी अधिकारी येऊन बसले. प्राणी मागे ओळीत, स्वागताला. अधिकाऱ्यांनी एक लांबलचक कागद भराभर वाचला आणि विचारलं, "कुणाची हरकत?" पेनाचं टोपण त्यांनी काढलंही नव्हतं.

काकू उभ्या राहिल्या. "माझी आहे."

"खोली कुणाच्या नावावर?"

"ह्यांच्या."

"मग ते कुठे आहेत?"

काकूंनी स्टेजकडे बोट केलं. "तुमच्या मागे."

अधिकाऱ्यांनी मान वळवली. मागे सिंह, हत्ती आणि अस्वल. तिकीट काढून आलेले लोक हसले. समीर विंगेत उभा राहून सिंहाकडे बघत नकारार्थी बोट हलवत होता.

सिंहानं दोन्ही पंजे वर केले आणि मुंडकं काढलं.

आतून काका निघाले. केस कपाळाला चिकटलेले, तोंड लाल. पुढच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. काका म्हणाले, "दत्ताराम मेस्त्री. तळमजला, शेवटची खोली. माझी हरकत आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो शोच वाटला. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला काही सुचेना, तिनं सवयीनं "जोरात" म्हटलं. टाळ्या आणखी वाढल्या.

अधिकारी समीरला विचारत होते, "हे धरायचं का?" टेबलावरचा माइक चालूच होता, माझ्यापर्यंत स्वच्छ ऐकू आलं. हरकत कुणाविरुद्ध आहे आणि विचारताहेत कुणाला! मी ओरडले. टाळ्यांत ते कुणाच्या कानावर गेलं नाही. मग अधिकारी काकांना म्हणाले, "तुम्ही आत्ता कलाकार म्हणून उभे आहात. असं नाही घेता येणार. रहिवासी म्हणून या."

तेवढ्यात हत्तीच्या मागच्या भागातून सुनीताचा आवाज आला. "माझी पण आहे हरकत. चेन अडकलीये, कुणीतरी काढा रे." लोक पोट धरून हसले.

काका हसले नाहीत. त्यांनी सिंहाचं मुंडकं स्टेजच्या मधोमध जमिनीवर ठेवलं, तोंड लोकांकडे करून. गुडघा धरत वाकले आणि पाया पडले. मग पायऱ्या उतरून आमच्या रांगेत आले, काकूंच्या शेजारी बसले. काकूंनी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं.

"आता लिहा," काका म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पुढच्या गाण्याची वेळ झाली होती. स्पीकरवर रेकॉर्ड केलेली गर्जना झाली. स्टेजवर नुसतं मुंडकं होतं. लोकांचं हसू थांबलं.

"मुंडकं घाला रे कुणीतरी," विंगेतून समीर ओरडत होता. "अरे, कुणीही घाला."

स्टेजवरचा एकही प्राणी जागचा हलला नाही.