एलिएझरकाकांचा लांबलेला शनिवार

आमच्या समोरच्या दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूला एक बोटभर लांबीची तिरपी डबी ठोकलेली आहे. येताजाता एलिएझरकाका तिला बोटं लावतात आणि ती बोटं ओठांना लावतात. लग्न होऊन पनवेलच्या या गल्लीत आले तेव्हा मला वाटलं होतं, बेलच असेल, बिघडलेली. नंतर कळलं की तिच्या आत त्यांच्या धर्माचं वचन लिहिलेलं असतं. काकांचं आडनाव वाकरूळकर, आणि ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी. घरात मराठी, जेवणात नारळाचं दूध आणि शनिवारी पूर्ण सुट्टी.

एसटीच्या कार्यशाळेत काका स्टोअरकीपर होते. शनिवारची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी सगळी नोकरी रविवारची ड्युटी केली. आणि रोज एक पाकीट सिगारेट ओढली, शनिवार सोडून. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लीयाकाकू दोन दिवे लावायच्या, त्याआधी काका शेवटची सिगारेट विझवायचे. शब्बाथला, म्हणजे त्यांच्या शनिवारी, विस्तव पेटवायचा नाही, हा नियम. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शनिवार संपला. सहा वाजल्यापासून काका गच्चीवर मान वर करून उभे. खिशात काडेपेटी तयार.

"एक... दोन... आणि तो तिसरा!"

"अहो, तो सरकतोय," काकू जिन्यातून म्हणायच्या. "विमान आहे ते. तारे लाल-हिरवे नसतात."

मी कधी सिगारेटवरून बोलले की त्यांचं उत्तर ठरलेलं. "दमयंती, ज्याला आठवड्यातून एक दिवस सोडता येतं, त्याला व्यसन म्हणत नाहीत. आवड म्हणतात. आणि छाती माझी, मर्जी माझी. तुझ्याकडे मागायला येतो का?"

मागायला येत नव्हते हे खरं. पण त्यांच्या छातीवर आमच्या गल्लीतल्या सिनेगॉगचाही, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघराचाही, थोडा हक्क होता. तो असा की, नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, आणि किप्पूरच्या उपासाला तिथे शोफार फुंकतात. शोफार म्हणजे एडक्याचं वाकडं शिंग. दिसायला साधं, पण फुंकायला पैलवानाची छाती लागते. पूर्वी फुंकणारे चारपाच जण होते. एकेक करून सगळे इस्राएलला गेले. आता प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर सेक्रेटरी एलियाहू आदल्या दिवसापासून फोन करत बसतात. शिंग फुंकणारे उरले एकटे काका.

किप्पूरच्या दिवशी त्यांचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही. अंधार पडल्यावर एक शेवटचा लांब आवाज काढायचा, की उपास सुटला. तो आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. पहिल्या वर्षी तो ऐकत मी अशी उभी राहिले की गॅसवरचं दूध उतू गेलं. तेव्हापासून मला सवय लागली. आवाज सुरू झाला की मी मनात देवाचं नाव घ्यायला लागते आणि तो थांबेपर्यंत किती नावं होतात ते बघते. एके काळी वीस व्हायची. मग पंधरा. मागच्या वर्षी सातव्या नावाला आवाज घरघरला आणि घाटात बंद पडलेल्या एसटीसारखा थांबला.

"शिंगाला चीर गेलीय," काकांनी सांगितलं.

शिंग त्यांच्या आजोबांचं होतं. काकूंनी ते उजेडाकडे धरून सगळीकडून बघितलं. "शिंग ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिलं.

काकूंनी मग एलियाहू हनबीला नवस केला. हनबी म्हणजे त्यांचे पैगंबर, नवसाला पावणारे. ह्यांची सिगारेट सुटली तर मलिदा करीन, असा नवस. मलिदा म्हणजे गोड पोहे, त्यात नारळ, वेलची, सुकामेवा, वर फळं. मला सांगताना म्हणाल्या, "तूही तुझ्या देवाला सांगून ठेव गं. दोन्हीकडून रेटू."

मी सांगितलं. लपवायचं काय त्यात.

आणि एप्रिलच्या शेवटी नवस फळला! काकांचा भाचा रोनेन इस्राएलमधल्या अश्दोदहून आला. चाळिशीचा माणूस, मराठी बोलतो पण घाईघाईने, कोणी मागे लागल्यासारखं. त्याने मामाला एक चकचकीत नळकांडं दिलं, लिपस्टिकपेक्षा थोडं मोठं. व्हेप. आपल्याकडे ते विकायला बंदी आहे, म्हणून मोज्यात गुंडाळून आणलेलं. काडी नाही, राख नाही. तोंडाला लावून ओढायचं, पुढच्या टोकाला निळा दिवा लागतो आणि वाफ येते. वास आंब्याचा!

घरात हापूसची पेटी उघडी, आणि हा कोकणातला माणूस गॅलरीत बसून नळकांड्यातून आंबा ओढतोय. मी म्हटलं, "काका, पेटीतला खाल्ला तर चालत नाही का?"

"तो संपतो," काका म्हणाले.

पण सिगारेट सुटली. खरंच सुटली. काकूंनी मलिदा केला, दहा माणसं जमवली, प्रार्थना झाली. मला वाटीभर दिला, वर खजूर आणि केळ्याचा काप. मी खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. दारात काका उभे होते, हातात नळकांडं. तेव्हा आम्हा दोघींना काही खटकलं नाही. नवस सिगारेटचा होता ना.

खटकलं ते शुक्रवारी. दिवेलागणीला काकूंकडे विरजण मागायला गेले. टेबलावर दोन दिवे, त्यांनी डोळ्यांवर हात घेऊन प्रार्थना म्हटली, हात काढले आणि बघतच राहिल्या.

"अहो, दिवे मी दोन लावले. हा तिसरा निळा कुठला?"

काकांनी मुठीत लपवलं, पण बोटांच्या फटीतून उजेड येत होता.

"यात विस्तव नाही, लीया," काका वकिलासारखे म्हणाले. "विस्तवाला बंदी आहे, वाफेला नाही. याला तर बटणसुद्धा नाही. मी फक्त श्वास घेतो. शब्बाथला श्वास घ्यायचा नाही, असं कुठे लिहिलंय?"

"सगळं लिहून ठेवायला देवाला काय माहीत, तुम्ही जन्माला येणार आहात ते!"

मला हसू आवरेना. पण घरी विरजण लावताना हात थांबला. दुसऱ्या दिवशी मी स्पष्टच बोलले. मला मनात ठेवता येत नाही.

"काका, इतकी वर्षं तुमच्या छातीला शनिवारची सुट्टी होती. आता तीही गेली की. एक दिवस सोडता येतं म्हणून आवड म्हणायचा. आता काय म्हणायचं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, नळकांड्याकडे बघितलं, आणि नेहमीचं "छाती माझी" सुरू केलं. पण पुढचं "मर्जी माझी" खोकल्यात गेलं.

जुलैमध्ये जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसले. काकू त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, सोबत मीही. तिथे एक यंत्र असतं, नळीत जोरात फुंकायचं. ती मुलगी ओरडत होती, "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" आणि आमचे शोफार फुंकणारे काका तीनदा फुंकून लाल झाले, तरी यंत्रातला आकडा काही वर चढेना. त्यांच्याकडे बघवेना.

"सिगारेट?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडली. मलिदासुद्धा झाला."

डॉक्टर मराठी होते, पण मलिद्यापुढे गोंधळले. मग त्यांची नजर शर्टाच्या खिशाकडे गेली. "आणि ते काय आहे? पेन?"

निकोटीन यातही असतंच, उलट तुम्ही दिवसभर ओढताय, असं त्यांनी समजावून सांगितलं. एक्स-रे, तपासण्या, रोजचे दोन पंप लिहून दिले. काकूंनी पर्समधलं वेगळं पाकीट काढलं. ते मला माहीत होतं. इस्राएलला ओर्लीकडे, म्हणजे मुलीकडे जायच्या तिकिटासाठी त्या दोन वर्षं साठवत होत्या.

रिक्षात काकू शांतपणे म्हणाल्या, "छाती तुमची, मर्जी तुमची. मान्य. मग खोकल्याने जागते मी, ते का? आणि तिकीट ओर्लीकडे जायचं सोडून एक्स-रेला गेलं, ते कोणाच्या मर्जीनं?"

सुकापूरचा फाटा आला, गेला. एरवी तिथल्या नव्या इमारतींना नावं ठेवल्याशिवाय काका पुढे जात नाहीत.

ऑगस्टमध्ये सेक्रेटरी एलियाहू आले. बसले, सरबत घेतलं, पंख्याकडे बघून बोलले. "एलिएझरभाऊ, यंदा किप्पूरला अलिबागहून एक जण बोलावतो. राहील इथेच. तुम्ही आहातच... आपलं तयारीत असावं म्हणून."

"म्हणजे माझ्याच्याने होणार नाही?"

"तसं नाही हो."

"तसंच आहे," काकू आतून म्हणाल्या.

काकांना ते फार लागलं. पनवेलला शिंग फुंकायला अलिबागचा माणूस! दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. नळकांडं मात्र चालू. तिसरा दिवस शुक्रवार. दुपारी काका माझ्या दारात आले आणि ते माझ्या हातावर ठेवलं.

"हे तुझ्या देव्हाऱ्याखाली ठेव. घरात कुठेही ठेवलं तर मी शोधीन. तिथे मी हात घालणार नाही."

"उद्या संध्याकाळी मागाल?"

"उद्याचं उद्या. शनिवार मला जमतो, तेवढं ठाऊक आहे."

मी ते देव्हाऱ्याच्या खणात कापूर आणि वातींच्या शेजारी ठेवलं. शनिवार गेला. संध्याकाळी गच्चीवर काका दिसले नाहीत. म्हटलं बरं नाही की काय. बघते तर खुर्चीत बसलेले, खिडक्यांचे पडदे ओढलेले.

"काका, तारे?"

"मी बघितले नाहीत," ते म्हणाले. "तीन तारे दिसले की शनिवार संपतो. मला दिसलेच नाहीत. मग संपला कसा?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. काका देवाला फसवताहेत की स्वतःला, हे त्यांनाही कळेना. पण नळकांडं माझ्या खणात होतं, त्यामुळे आम्ही कोणी पडदे उघडले नाहीत.

अशी ती गंमत सुरू झाली. रविवारी शनिवार, सोमवारी शनिवार. भाद्रपदातल्या ढगांनी मदत केली. पण मधेच आकाश मोकळं व्हायचं, आणि डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलेलं. मग काका छत्री उघडून निघायचे. कोरडा रस्ता, निवांत हवा, आणि हा उंच माणूस काळी छत्री डोक्यात घातल्यासारखी धरून चाललाय. काकूंनी कोपर धरलेलं, कारण समोरचं काही दिसायचं नाही.

मासळीवाली सोनाबाई नाक्यावर पाट्या आवरायची. तिने एकदा हाकच मारली. "काय ओ काका, पाऊस नाय, ऊन नाय, छत्री कुनापास्नं लपायला? उधारी झालीय का?"

"ताऱ्यांपासून!" काका छत्रीतून ओरडले.

"म्हाताऱ्याला बरा हाय ना गो?" सोनाबाईने काकूंना विचारलं.

"बरा होतोय," काकू म्हणाल्या.

सगळंच गमतीचं नव्हतं. पहिले आठ-दहा दिवस काका असह्य होते. बडीशेप चघळायचे, पेपरातल्या चुका काढायचे, नळ गळतो म्हणून नळाशी भांडायचे. गणपतीत मी उकडीचे मोदक केले, नैवेद्य दाखवायच्या आधीच त्यांच्यासाठी पाच वेगळे काढले. नेहमीची पद्धत आहे आमची, देवापुढे ठेवलेलं त्यांना चालत नाही. काकांनी पाच खाल्ले आणि कळ्या नीट पडल्या नाहीत म्हणाले.

आणि एका बुधवारी भर दुपारी त्यांनी दार वाजवलं. काकू बँकेत गेलेल्या. काकांचा चेहरा घामेजलेला.

"दमयंती, ते दे."

मी घाबरले. मोठा माणूस, वस्तू त्यांची. नाही म्हणणारी मी कोण? देव्हाऱ्याकडे बघितलं. तिथून काही सुचलं की माझं मलाच, सांगता येत नाही. पण मी विचारलं, "देते काका. आज वार कोणता ते सांगा फक्त."

समोरच्या भिंतीवर माझं कॅलेंडर, त्यावर ढळढळीत बुधवार. काकांनी त्याच्याकडे बघितलं.

"शनिवार," ते म्हणाले आणि परत गेले. आत जाताना आपल्या दारावरच्या डबीला बोटं लावून ती ओठांना लावली.

नव्याच्या सणाला दोन्ही दिवस त्यांनी शिंग फुंकलं. आखूड आवाज जमले, मधे मधे थांबून. शेवटचा लांब मात्र त्यांनी आवरता घेतला. अलिबागचा माणूस किप्पूरच्या आदल्या दिवशी आला. तिशीतला, रुंद छातीचा, स्वतःचं शिंग मखमली पिशवीत घेऊन. काकांनी त्याला जेवायला घातलं आणि दर घासाला त्याच्या छातीकडे बघितलं.

त्या वर्षी दसरा आणि किप्पूर एकाच दिवशी आले. सकाळी दाराला तोरण लावलं, पूजा केली. संध्याकाळी काकूंनी बोलावलं म्हणून सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूला त्यांच्याशेजारी बसले. ओटीत आपट्याची चार पानं होती, कोणाला द्यायची राहिलेली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, दिवसभर उपाशी. काकांचे ओठ सुकलेले दिसत होते. अलिबागच्या माणसाने पिशवीची दोरी सोडून ठेवली.

काका उठले. शिंग तोंडाला लावलं.

मी डोळे मिटून नाव घ्यायला लागले. एक, दोन, तीन. सातव्याला आवाज थरथरला. काकूंनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की बांगडी रुतली. आठ. आवाज खाली गेला, कुठल्याशा खड्ड्यात पडल्यासारखा, आणि पुन्हा वर आला. बारा. तेरा. चौदाव्याला थांबला. मागे नुसती हवा ऐकू आली, मग काकांचा खोकला, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले.

वीस नव्हते. पण अलिबागच्या माणसाने पिशवीची दोरी परत बांधली.

अंगणात आलो तर आकाश धुतल्यासारखं. उपास सुटल्याचा सगळ्यांना आनंद, सरबताचे पेले फिरत होते. जो तो वर बघून तारे दाखवत होता. एलियाहूंनी काकांना मिठी मारली. "भाऊ, पुढच्या वर्षी अलिबागला फोन नाही! बघा, तीन काय, तीसेक तारे आलेत!"

काकांनी सरबत एका दमात पिऊन टाकलं. नजर चपलांवर.

मी पुढे होऊन त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि म्हटलं, "काका, आता वर बघायला हरकत नाही. चाळीस दिवस झाले."

"तुम्ही बघा," काका जमिनीकडे बघतच म्हणाले. "माझा शनिवार आहे अजून."

काकूंनी काखेतली छत्री काढली आणि उघडली.