चिखलीच्या मंदाताई आणि साडेपाचशेची स्प्रिंग

मंदाताई सायकलकडे बघायच्या आधी माणसाला काट्यावर उभं करत. चिखलीतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडच्या दारातच, धान्याच्या दुकानात असतो तसला, लोखंडी वजनकाटा होता. डोंगरावर जाताना घालायचे तेच बूट, पाठीवर तीच बॅग, डोक्यावर हेल्मेट, भरलेली पाण्याची बाटली, असा सगळा सरंजाम चढवून त्यावर उभं राहायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी वजन विचारलं आणि मी अठ्ठ्याहत्तर म्हणालो. काट्याने एक्क्याण्णव दाखवले. काटा बिघडला असेल, असं मी हसत म्हटलं.

"काटा माझ्या माहेरचा न्हाई, तुझ्यासंगं मस्करी करायला," त्या म्हणाल्या आणि भिंतीवर पेन्सिलीने एक्क्याण्णव लिहून मोकळ्या झाल्या.

पन्नाशी ओलांडलेली ठेंगणी बाई. साडीवर पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर आठी. ती आठी झोपेतही जात नसावी. मंदाताई फार रागीट, तोंडाळ, असं आमच्या सायकलवाल्यांत सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो. आज मला राग येतो तो असं म्हणणाऱ्यांचा, आणि त्यांत पहिला मी.

डोंगरात चालवायच्या सायकलीला मागच्या बाजूला मोटरसायकलसारखा शॉक असतो. तो दोन जातींचा. एकात दाबलेली हवा, दुसऱ्यावर पोलादी स्प्रिंग. यातला कुठला बसवावा यावर आमच्या ग्रुपमध्ये राजकारणावर होणार नाहीत एवढी भांडणं होत. मला स्प्रिंग हवी होती, कारण त्या वर्षी सगळे स्प्रिंग बसवत होते. दुसरं काहीही कारण नव्हतं.

ताईंनी माझ्या शॉकमधली हवा सोडली, मागचं चाक थोडं थोडं वर उचलत गेल्या आणि दर टप्प्याला टेप लावून शॉक किती दबला ते भिंतीवर लिहीत गेल्या. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, मोजमाप हेच माझं पोट. पण माझ्या स्वतःच्या सायकलीचं हे मोजावं असं मला कधी सुचलं नव्हतं. मोजून झाल्यावर त्यांनी सांगितलं की या सांगाड्यात, म्हणजे सायकलीच्या फ्रेममध्ये, शॉक पुरता दबत आला की शेवटाला दम नाही. स्प्रिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने दबते, म्हणून शेवटी सांगाड्याने हात द्यावा लागतो. हवेचं तसं नाही, ती दाबाल तशी घट्ट होत जाते. तुझ्या फ्रेमला हवाच पाहिजे, स्प्रिंग घातलीस तर प्रत्येक उडीला खाली आपटशील. माझ्या मागे उभ्या असलेल्या एका दांडग्या गड्याला मात्र त्यांनी त्याच दिवशी स्प्रिंग घ्यायला लावली. तो लांबलचक उतार उतरायचा, तेवढ्यात हवेचा शॉक तापून सैल पडायचा, आणि त्याच्या फ्रेमचा शेवट भक्कम होता.

"हवा का स्प्रिंग हे मला न्हाई विचारायचं," त्या म्हणायच्या. "काट्याला विचारा, सांगाड्याला विचारा. मी आपली मधली बाई."

हे सगळं त्या शिकल्या होत्या महाळुंग्याला, दुचाकीचे शॉक बनवणाऱ्या एका कारखान्यात. बावीस वर्षं, आणि बावीसही वर्षं कंत्राटावर. शेवटी त्या तपासणीला होत्या. नुसता हाताने दाबून शॉक चांगला की वाईट हे सांगायच्या आणि मग मशीन तेच सांगायचं. घर चिखलीतलं जुनं, शेतकऱ्याचं. भावांनी जमिनी विकून इमारती उभ्या केल्या, बहिणीची सही घेतली, आणि बहिणीला ही शेड दिली.

कारखाना का सोडला हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पाना फिरवता फिरवता. एक लॉट त्यांनी नापास करून बाजूला ठेवला होता. संध्याकाळी गाडी भरताना तो त्यात चढवलेला दिसला. त्या गाडीच्या मागे आडव्या उभ्या राहिल्या. साहेब म्हणाले, शंभरातले नव्याण्णव चांगले आहेत, कशाला तमाशा करता.

"मी इचारलं, शंभराव्यावर बसनारा मानूस कुनाचाच न्हाई का? दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास चालंना."

त्यांच्या शेडमध्ये बरंचसं काम यायचं ते निखिलच्या दुकानातून. निखिल माझा कॉलेजपासूनचा मित्र, थेरगावात डांगे चौकाजवळ त्याचं सायकलींचं मोठं दुकान. काचा, दिवे, कॉफीचं मशीन. शॉक उघडून दुरुस्त करणारं मात्र त्याच्याकडे कोणी नव्हतं, म्हणून ती कामं तो चिखलीला धाडायचा. त्याने स्प्रिंगच्या शॉकची एक पेटी कुठून तरी उचलली. सगळ्या स्प्रिंगा एकाच ताकदीच्या, अंगाने जड माणसाला चालतील अशा. त्या खपवायच्या म्हणून येईल त्याला तो स्प्रिंगच कशी खरी हे पटवून देऊ लागला.

डॉक्टर केतकी त्यातच सापडली. थेरगावातच तिचा दातांचा दवाखाना. अंगाने किरकोळ, सायकलवर मात्र आमच्या सगळ्यांहून नीट. निखिलने तिची सायकल आणि तो शॉक बसवायला चिखलीला पाठवला आणि तिलाही जाऊन यायला सांगितलं. ताईंनी तिला काट्यावर उभं केलं. बूट-बॅग धरून एकसष्ट. ताईंनी शॉक खोक्यातून काढलासुद्धा नाही. एका कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: "डॉक्टरांच्या वजनाला ही स्प्रिंग चालणार नाही. बसवू नये." तो कागद हँडलला सुतळीने बांधला. केतकी तोवर दवाखान्यात परत गेली होती. मी माझ्या कामासाठी तिथे आलो होतो, गाडी आणली होती, म्हणून ताईंनी सायकल माझ्या गाडीत चढवली आणि निखिलला कागद वाचून दाखव, असं मला बजावून सांगितलं.

मी वाचून दाखवला. निखिलने तो फाडला आणि शॉक स्वतःच बसवायला घेतला. म्हातारीला सगळ्यातच खोट दिसते, असं काहीतरी तो म्हणाला. मी हसलो. संध्याकाळी केतकी सायकल न्यायला आली. ताई काय म्हणाल्या, असं तिने विचारलं. एकदम बेस्ट म्हणाल्या, निखिल बोलला. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, कॉफीचा कप घेऊन उभा होतो.

दोन आठवड्यांनी देहूरोडपुढच्या डोंगरावरून उतरताना एका खडकावरून तिची सायकल उतरली आणि मागचं चाक असं उसळलं की ती हँडलवरून पुढे फेकली गेली. उजवं मनगट तीन जागी मोडलं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी घातली. दातांच्या डॉक्टरचा उजवा हात.

त्याच रात्री निखिलने ग्रुपवर लिहिलं की शॉकचं काम चिखलीत एका अडाणी बाईकडे दिलं होतं, ती आपली चूक झाली, यापुढे दुकान तिच्याकडे काम देणार नाही. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुसलं.

पुढच्या रविवारी सकाळी राइडवरून परतलेले वीस-बावीस जण दुकानासमोर पोहे खात उभे असताना मंदाताई बसमधून उतरल्या. साडीवर तोच शर्ट. त्यांनी केतकीची सायकल कुठे आहे विचारलं. ती कोपऱ्यात उभी होती, हँडल वाकडं झालेलं. त्या खाली बसल्या, शर्टाच्या टोकाने स्प्रिंगवरची धूळ पुसली आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तिच्यावर छापलेला ताकदीचा आकडा मोठ्याने वाचायला लावला. साडेपाचशे, तो म्हणाला.

"ही नव्वदीच्या पुढच्या गड्याची स्प्रिंग हाय," ताई म्हणाल्या. "पोरगी एकसष्टाची. ही तिच्याखाली दबत न्हाई, आन् दबली तर उसळून मारती. मी बसवली न्हाई. मी कागद बांधला व्हता."

कसला कागद, निखिलने विचारलं. अगदी सरळ चेहऱ्याने.

ताई माझ्याकडे वळल्या. "महेश, तू नेलास. सांग."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "कागद होता की नव्हता, मला नीट आठवत नाही."

हे वाक्य मी बोललो. असं का बोललो याची कारणं आहेत: जुनी मैत्री, भरलेलं अंगण, निखिलची नजर. ती लिहितानासुद्धा मला माझ्या थोबाडीत मारावीशी वाटते. मला सगळं आठवत होतं. सुतळीचा रंग आठवत होता.

ताई ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. पण त्या रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. बस यायला वीस मिनिटं लागली. आम्ही सगळे पोहे खात होतो.

चौथ्या दिवशी मी केतकीच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ती रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम करत होती. बोटं निम्मीच मिटत होती. तिने एकच विचारलं, "मी निखिलला विचारलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?" मी हो म्हणालो.

"मग मला कशाला सांगताय? मला ऐकवून तुमचं हलकं होणार असेल तर नको. जिथे त्यांचं नाव घालवलंत तिथे सांगा."

मी ग्रुपवर लिहिलं. कागदातले शब्द, तो कोणी नेला, कोणी फाडला, मी काय खोटं बोललो. दहा मिनिटांत निखिलचा फोन आला. त्याने दिलेल्या शिव्या मला लागल्या नाहीत. 'तू पण तिथेच होतास, लक्षात ठेव' हे लागलं. नंतर मला ग्रुपमधून काढून टाकलं. सात-आठ जणांनी त्याचं दुकान सोडलं आणि ताईंकडे जाऊ लागले. बाकीचे अजून तिथेच कॉफी पितात. निखिलला काहीही झालेलं नाही. त्या पेटीतल्या उरलेल्या स्प्रिंगाही त्याने विकल्या, आणि आता वाकडला दुसरं दुकान काढतोय. शेवटी सगळं नीट होतंच, असं कोणी मला सांगू नये.

केतकी मात्र हात थोडा चालू लागल्यावर स्वतःच चिखलीला गेली. ताईंनी तिच्या सायकलीला हवेचा शॉक लावला, तिच्या वजनाला बेताने हवा भरली आणि ब्रेक डाव्या हाताला जड, उजव्याला हलका असा करून दिला. ती आता सपाटीवर चालवते. दाढ काढायची असली की दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला बोलावते.

सहा महिन्यांनी माझ्या शॉकमधून तेल गळायला लागलं आणि मी ते निमित्त करून शेडवर गेलो. मी ग्रुपवर लिहिलेलं त्यांच्या कानावर गेलं असणार, काम परत आलं होतं, आता त्या दोन शिव्या देतील आणि पाना हातात घेतील, अशी माझी समजूत होती. ताईंनी सायकलकडे पाहिलं नाही. हातातलं काम पुरं केलं, हात पुसले.

"कारखान्यात माझ्या टेबलाशेजारी एक इंजिनियर बसायचा," त्या म्हणाल्या. "चांगला मानूस. माझ्या पोरीच्या लग्नाला आला व्हता. तो लॉट गाडीत चढला ते त्यानं माझ्या आधी पाहिलं. मी गाडीमागं उभी व्हते तवा तो खिडकीत उभा व्हता. पुढं घरी येऊन रडला माझ्यापाशी. मी त्याला चहा दिला. तवा मला वाटलं, रडला, मंजे झालं. आता न्हाई वाटत."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं.

"तू खरं बोललास, ते मी ऐकलं. चार दिस उशिरा बोललास. तुझ्यावर डूख न्हाई माझा. पन मी लिहून दिल्यालं तू वाटेत काय करशील ते मला म्हाईत न्हाई, आन् असल्या मानसाचं काम मी करत न्हाई. दुसरीकडं ने."

त्यांनी माझी सायकल स्वतः ढकलत शेडबाहेर, रस्त्यापर्यंत आणली, माझ्या हातात दिली आणि आत निघून गेल्या.