शेजारची तक्रारपेटी

"आज माझं काही खरं नाही," असं म्हणत आमच्या शेजारच्या सिस्टर दार उघडायच्या आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. तुमच्याही इमारतीत असं कुणीतरी असेल. सकाळी पाठ, दुपारी गुडघा, संध्याकाळी डोकं. गोखिवऱ्याला आमच्या इमारतीत तेव्हा पाण्याचा टँकर यायचा. हंडे घेऊन आम्ही खाली जमलो की सिस्टरांच्या पाठीची हकिगत सुरू. कुणी त्यांना निलगिरीचं तेल देई, कुणी एरंडाची पानं. त्या सगळं घेत, आणि त्याच कंबरेवर भरलेला हंडा ठेवून न थांबता तिसरा मजला चढत. आमचे हे त्यांना तक्रारपेटी म्हणत.

त्या नर्सिंग कॉलेजात शिकवत आणि पीएच.डी.साठी कॅन्सरच्या पेशंटांवर संशोधन करत. आजार बरा होवो न होवो, माणसाचे दिवस सुखाचे कसे जातील, हा त्यांचा विषय. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारायचं, दुखतं का, झोप लागते का, जेवण जातं का. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, आम्ही मजेत आहोत. त्यांचे गाइड खूश झाले. सिस्टर मात्र भडकल्या.

"अगं, हाडापर्यंत आजार गेलेला माणूस मला सरबत देतो आणि म्हणतो, काही त्रास नाही. वर विचारतो, आता तुम्ही पास होणार ना?"

म्हणजे बाई पास व्हाव्यात म्हणून बिचाऱ्यांनी आपलं दुखणं लपवलं होतं. सिस्टरांनी ते सगळं काम बाजूला सारलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी त्या वेगळं काय करत होत्या, ते मला बाबा आजारी पडल्यावर कळलं.

बाबा चांदीप गावचे, सारा जन्म भातशेतीत गेलेला. उपचारांसाठी त्यांना आमच्याकडे आणलं, तोवर कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखत असेल तर सांगा, औषध वाढवता येईल. पण बाबा सांगतील तर शपथ. मी विचारलं, "बरा हाय मी." डॉक्टरांनी विचारलं, "बरा हाय." आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवणाचं ताट तसंच परत यायचं. मला रडू यायचं आणि रागही यायचा.

एका दुपारी सिस्टर आल्या. खुर्ची सोडून "आई गं" म्हणत बाबांच्या गादीशेजारी फरशीवर बसल्या. तब्येतीचं विचारलंच नाही.

"बाबा, माझी पाठ नुसती ठणकते हो. घरी सांगावं तर म्हणतात, हिचं नेहमीचंच."

बाबांनी कूस बदलली. "कुठं दुखतं?"

"इथं खाली. बसलं की जास्त."

"मना तं निजलं का जास्त," बाबा म्हणाले. "सुरी फिरवल्यावानी. पोरगी घाबरंल म्हनून बोललो नाय."

"सांगा बरं," सिस्टर म्हणाल्या, आणि बाबा सांगत गेले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सिस्टर स्वतः डॉक्टरांकडे आल्या आणि औषध वाढलं. काही दिवसांत बाबा खिडकीत बसून टँकरवाल्याला शिव्या घालू लागले. चांदीपच्या विहिरीचं पानी कसं गोड, ते साऱ्या मजल्याला ऐकवू लागले. पुढे ते गेलेच, पण भिंतीकडे तोंड करून गेले नाहीत. हे उपकार मी विसरणार नाही.

"म्हणजे तुमची पाठ दुखत नाही?" मी सिस्टरांना विचारलं होतं.

"छे. पण आपण आधी कण्हलं की समोरच्याला लाज वाटत नाही."

"मग टँकरजवळ कशाला कण्हता?"

"सराव नको का?"

निवृत्त झाल्यावर त्या कोकणात भावाकडे गेल्या. शेजारी नवं बिऱ्हाड आलं. ती माणसं चांगली आहेत, पण त्यांचं काही म्हणजे काही दुखत नाही. सिस्टरांच्या तक्रारी मी फोनवर ऐकायची. त्या आपल्यातून गेल्या, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात असाच एकदा फोन केला.

"कशा आहात?"

"अगदी मजेत."

ही बाई मजेत असणं शक्यच नव्हतं.

मी फोन घेऊन फरशीवर बसले. माझा गुडघा ठणठणीत होता. "सिस्टर," मी म्हटलं, "गुडघा नुसता ठणकतो हो. यांना सांगितलं तर हसतात."

पलीकडे त्या हसल्या. "माझंच औषध मला पाजतेस होय?"

"तुमचंच."

"पाठ दुखते गं," त्या हळूच म्हणाल्या. "आता खरंच दुखते. इथं कुणाला बोलले नाही."

"सांगा बरं," मी म्हटलं.