अकरा माडांची करणी

माझ्या वाडीतल्या अकरा माडांवर कुणीतरी करणी केली आहे असं समजून मी बुंध्यांना बांधलेले झावळीचे तुकडे सोडले आणि मीठ-मोहऱ्या टाकून जाळले. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो.

ते तुकडे ज्याने बांधले, तो आमच्या गावात नारळ पाडायचा. खाली उतरला की कमरेचा कोयता काढून ठेवायचा आणि समोरच्याला म्हणायचा, "वरती येऊन बघा." यंदा नारळ लहान का? "वरती येऊन बघा." भाव का पडला? तरी तेच. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. एक गोष्ट त्याला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक असते आणि नेमकी तीच त्याला कुणी विचारत नाही.

मग काशीदपर्यंतच्या वाड्यांत पांढरी माशी आली. परदेशातून आलेली कीड. पानांच्या खालून रस शोषते, चिकट थेंब गाळते, त्यावर काळी बुरशी धरते. माड, खालच्या केळी, दोरीवरचे कपडे, माझ्या स्कूटरची सीट, सगळं काळं. ग्रामपंचायतीत सभा भरली. फवारणीच्या औषधांच्या दुकानदाराला खुर्ची, चहा आणि माइक. हा दाराशी उभा.

"फवारू नका," तो म्हणाला. "माशीची पिल्लं काली पडाया लागलीत. बारीक गांधीलमाशी हाय, टाचनीच्या टोकाएवढी. ती त्यांच्यात अंडी घालते, तिची पोरं त्यांना आतनं खातात. फवाराल तर आधी तीच मरंल."

"आणि आम्हाला चावली तर?" दुकानदार माइकवरून म्हणाला.

"वरती येऊन बघा."

सभा हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. ज्याने उभ्या जन्मात माडाचा शेंडा जवळून पाहिला नाही त्याने माइकवरून सांगायचं, आणि जो रोज तिथे जातो त्याने दाराशी उभं राहायचं! हा संताप मला आज येतो. त्या दिवशी माइक बंद पडू नये म्हणून मी त्याची वायर धरून बसलो होतो.

गावभर फवारणी ठरली. मी फाटकाला कुलूप लावून मांडव्याहून लाँचने मुंबईला मुलीकडे गेलो. आठ दिवसांनी परततो तर बुंध्याबुंध्याला लाल नाडीने बांधलेला झावळीचा तुकडा, त्यावर काळे ठिपके. दुसऱ्या दिवशी अमावास्या. तुम्ही काय केलं असतं? नका सांगू.

धूर पाहून तो कुंपणावरून आत आला.

"मास्तर, काय जाललंत?"

"करणी."

तो राखेपाशी उकिडवा बसला. काडीने उकरत राहिला. "फवारायच्या आदल्या दिवशी गावातनं काले ठिपके तोडून आनले. तुमच्या वाडीला कुलूप, इथं पंप येनार न्हाय. एकेका ठिपक्यात एकेक गांधीलमाशी व्हती, बाहेर पडायच्या बेतात. घरात दोरी नव्हती, बायकोच्या परकराच्या नाड्या काढल्या."

"मला सांगायचंस तरी!"

"सभेत सांगितलं की."

महिन्याभरात पांढरी माशी परत आली, गांधीलमाशी नाही. दुकानदाराने बाटल्या पुन्हा विकल्या. त्याला जाब विचारायला कुणी गेलं नाही. हा मात्र कामं सोडून, जिथे फवारलं नव्हतं अशा लांबच्या गावांत सायकलने हिंडला, काळे ठिपके शोधून आणून बांधत राहिला. पुढच्या वर्षी नव्या झावळ्या हिरव्या आल्या. सभेत आभार मानले गेले ते दुकानदाराचे! मी तावातावाने उठलो. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर मागून गर्दीतल्या कुणाचा तरी आवाज आला, "मास्तर, बसा खाली. जाळलं कुणी?"

मी बसलो. बसायला नको होतं.

या उन्हाळ्यात तो गेला. माडावरून पडून नव्हे, साध्या तापाने. मी घरी भेटायला गेलो. काही लागलं तर हक्काने सांगा, असं त्याच्या बायकोला म्हणालो.

"तुमचंच एक सांगून गेलेत लेकाला," ती म्हणाली. "मास्तरांच्या वाडीत झावल्या बांध, पन मास्तर मुंबईला गेल्यावर."