बदकाचं पिल्लू आणि ठाण्याची मंडळी

१ फेब्रुवारी १९५३, रविवार. खुडूक कोंबडीची टोपली साफ करायचं काम माझ्याकडे होतं.

आमचं घर कल्याणला, तळ्याच्या मागच्या अंगाला. भाड्याचं आणि कौलारू, पण परसदार मोठं. तिथे आईची बदकं आणि कोंबड्या असत. बदकं अंडी घालतात, उबवायचा मात्र त्यांना कंटाळा. म्हणून त्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवायची. तिला वाटतं आपलीच. पण बदकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यापेक्षा आठवडाभर जास्त लागतो, त्यामुळे शेवटी शेवटी ती वैतागते. त्या सकाळी चार पिल्लं बाहेर आली तशी ती उठली आणि त्यांना घेऊन अंगणात चालू लागली. टोपलीत तीन अंडी मागे राहिली. दोन नासकी होती, ती उकिरड्यात गेली. तिसरं हातात घेतलं तर आतून टकटक होत होती.

ते पिल्लू दुपारपर्यंत कवच फोडत राहिलं आणि बाहेर आलं ते अर्धमेलं. अंग चिकट, मान जमिनीला टेकलेली, एक पाय बाहेरच्या बाजूला फाकलेला. मी ते कोंबडीपुढे ठेवलं. तिनं चोच मारून बाजूला सारलं.

"टाक तळ्यात," आई ओट्यावरून म्हणाली. "घार नेईल नाहीतर मांजर नेईल. उगाच घरात घाण नको."

मी टाकलं नाही. दया वगैरे आली असं सांगणार नाही. मी तेवीस वर्षांची होते, मॅट्रिक होऊन घरात बसले होते, आणि दिवसभर हाताला जी कामं होती ती माझ्याशिवायही झाली असती. हे एक काम असं होतं की मी नाही केलं तर कुणीच करणार नव्हतं.

देवाच्या फुलांची जुनी परडी घेतली. औषधाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती वडिलांच्या फाटक्या मफलरात गुंडाळली, शेजारी पिल्लू ठेवलं आणि परडी चुलीपासून हातभर लांब ठेवली. पहिल्या दिवशी ते चोचच उघडेना. उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून चोचीच्या कडेला थेंब लावला, तेव्हा जरा वेळानं त्यानं तो आत घेतला. मग दर दोन तासांनी तेवढंच. फाकलेला पाय आत यावा म्हणून दोन्ही पायांत मऊ चिंधीचा सैल बंद बांधला. कुणी शिकवलं नव्हतं. करून बघितलं, जमलं. बुधवारपर्यंत ते उभं राहिलं. गुरुवारी माझ्या पायांमागून स्वयंपाकघरभर फिरायला लागलं, आणि मी दिसेनाशी झाले की ओरडून घर डोक्यावर घ्यायला लागलं.

आई रोज एकदा तरी म्हणायची, "झालं का तुझ्या राजपुत्राचं जेवण? मग आमच्याही भाताचं बघ."

त्याच आठवड्यात मला बघायला यायचं ठरत होतं.

स्थळ ठाण्याचं होतं. मधे होते आईचे चुलतभाऊ, आमचे मामा. राहायचे आमच्याच आळीत. त्यांनी मुलाचा फोटो आणला होता. घरातला धाकटा मुलगा, बी. ए. झालेला, मुंबईत विमा कंपनीत नोकरीला. फोटोत कोट घातलेला, मान किंचित तिरकी, जणू फोटो काढणाऱ्याला काहीतरी चेष्टेचं बोलून नुकताच गप्प झालाय. आईनं तो फोटो मला दाखवला आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला. मी त्या आठवड्यात साड्यांच्या घड्या पुष्कळ वेळा घातल्या. याआधी तीन स्थळं येऊन गेली होती. तिघांनाही मला नकार द्यायचा होता आणि त्यांनी तो आधी दिला म्हणून मला बरंच वाटलं होतं. इथे मात्र होकार यावा असं मला वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, पण वाटत होतं हे खरं.

रविवार उजाडला. शेजारणीनं भरलेला टेबलक्लॉथ मी भरलेला म्हणून टेबलावर अंथरला गेला. बहिणींना शेजारी पाठवलं. मी परडी उचलून मागच्या खोपटात ठेवायला निघाले, तेवढ्यात आई म्हणाली, "असू दे की आत. स्वयंपाकघरातच ठेव."

"ओरडेल ते."

"ओरडू दे. लहान जीव आहे, ओरडायचाच."

मला नवल वाटलं, पण तिला विचारण्याइतका वेळ नव्हता. लाडू वळायचे राहिले होते.

चौघं आली. मुलाची आई, मुलाची आत्या, मामा, आणि मुलाचा थोरला भाऊ. मुलगा स्वतः आला नव्हता; ऑफिसच्या कामाला पुण्याला गेलाय, असं मामांनी सांगितलं. थोरला भाऊ दाराजवळच्या खुर्चीवर बसला. तिशीचा असेल. दाढी दोन दिवसांची, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. मी लाडवांची बशी पुढे केली तेव्हा त्यानं वर न बघता घेतली आणि तशीच मांडीवर धरून ठेवली.

नेहमीचे प्रश्न झाले. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, चष्मा नाही ना. मी उत्तरं देत होते आणि आतून पिल्लाचा गळा फुटत होता.

"काय गं ओरडतंय ते?" मुलाच्या आईनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "बदकाचं पिल्लू हो. अधू निघालं. कोंबडीनं टाकलं, आम्ही सगळ्यांनी आशा सोडली. हिनं जगवलं. पोरीला कुणाचं दुखलंखुपलं बघवतच नाही."

एवढं कौतुक मी आईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"आण बघू इकडे," मुलाची आई म्हणाली.

मी आणलं. हातात घेतल्याबरोबर ते गप्प झालं आणि माझ्या बांगड्यांत चोच खुपसून बसलं.

"आमच्याकडे बदकं पाळतात ती खायला," आत्या म्हणाली. "तुमच्याकडे जगवायला पाळतात वाटतं!" सगळे हसले. मीही हसले.

मुलाची आई मात्र हसली नाही. ती पुढे सरकली. "किती वेळानं भरवावं लागतं?"

"पहिले तीन दिवस दर दोन तासांनी. आता आपलं आपण खातं."

"आणि रात्री?"

"मधे उठून बाटलीतलं पाणी बदलायचे."

"कंटाळा नाही येत?"

"हाती घेतल्यावर कंटाळून कसं चालेल?"

तिनं आत्याकडे बघितलं. आत्यानं मान हलवली. मी मनातल्या मनात म्हटलं, पास झाले.

तेव्हा थोरल्या भावानं पहिल्यांदा मान वर केली. "चोच उघडत नव्हतं तेव्हा काय केलंत?"

मी त्याला बलकाच्या थेंबाचं सांगितलं. त्यानं ते फार लक्ष देऊन ऐकलं. "आणि बाहेर टाकायचं नाही? घेतलेलं?"

"टाकायचं. मग थोडं थांबून पुन्हा द्यायचं. कमी द्यायचं."

"कमी द्यायचं," तो म्हणाला, आणि पुन्हा मान खाली घातली.

मंडळी खुशीत गेली. मामा त्यांना स्टेशनवर पोचवायला गेले. आईनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं पिल्लाला भाताची शितं घातली.

दिवे लागायच्या सुमाराला मामा परत आले. वडील नुकतेच पेपर घेऊन बसले होते. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. मला तिथे उभं राहायची गरज नव्हती, आमच्या घरात सगळीकडे सगळं ऐकू येत असे.

"मुलगी पसंत आहे," मामा म्हणाले. "हुंडा नको, लग्नाचा खर्चही तेच करणार. फक्त, अक्का, मोठ्यासाठी."

माझ्या हातात तांदळाचं भांडं होतं. ते मी खाली ठेवलं. आता आई काय बोलते ते ऐकायला मी थांबले. मला वाटलं, ती म्हणेल, हे काय भलतंच? नाहीतर म्हणेल, धाकट्याचं काय झालं?

आई म्हणाली, "तिथी केव्हाची म्हणतायत?"

वडिलांनी पेपर खाली केला आणि आईकडे बघितलं. त्यांनाही सगळं माहीत नसावं. निदान तेव्हा मला तसं वाटलं. पुढे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मामांनी बाकीचं सांगितलं. मोठ्याची बायको बाळंतपणात गेली होती, पौष महिन्यात. मूल सातव्या महिन्यातलं, तोळामासा. दूध टिकत नाही. त्याच्या आजीच्यानं रात्रीचं होत नाही. दोन दाया ठेवल्या, दोन्ही गेल्या.

मामा गेल्यावर मी बाहेर आले.

"तुला ठाऊक होतं?"

आई निवडायची मेथी घेऊन बसली होती. "ठाऊक होतं तर काय झालं? चांगली माणसं आहेत. स्वतःचं घर आहे ठाण्याला."

"मग धाकट्याचा फोटो कशाला दाखवलास?"

"त्याचं ठरलंय केव्हाच. गिरगावातली मुलगी आहे."

"फोटो कशाला दाखवलास?"

"नीट साडी नेसून, तोंड हसरं ठेवून बसावंस म्हणून. मोठ्याचं सांगितलं असतं तर सुतकात बसल्यासारखी बसली असतीस." तिनं मेथीची जुडी सोडली. "मागच्या खेपेला बसली होतीस तशी."

"आणि पिल्लू आत ठेवायला सांगितलंस ते?"

"बघू देत की तुझा गुण. बीजवराच्या घरी रूप बघत नाहीत."

वडील म्हणाले, "तिला एकदा विचारू या का?"

"विचारून ती काय सांगणार? बदकासाठी रात्री उठते, माणसाच्या पोरासाठी उठणार नाही? आणि पाठीवर दोन आहेत, अहो, त्यांचं काय करायचं ते मला सांगा."

वडिलांनी पेपर पुन्हा वर धरला.

मी खूप विचार केला असं नाही, पण जो केला तो नीट केला. मूल निर्दोष होतं. तो माणूसही वाईट नव्हता. त्यानं विचारलेले दोन प्रश्न त्या दिवशी कुणीही विचारलेल्या प्रश्नांपेक्षा खरे होते. मला आधी सांगितलं असतं, की असं असं मूल आहे, आईवाचून आहे, तू बघशील का, तर मी काय म्हटलं असतं ते मला आजही ठामपणे सांगता येत नाही. कदाचित हो म्हटलं असतं. पण कुणीही विचारलं नव्हतं. त्यांना दाई हवी होती आणि दाया टिकत नव्हत्या. बायको सोडून जात नाही, एवढा हिशेब दोन्ही घरांनी मिळून केला होता, आणि मला परीक्षेला बसवलं होतं ते विषय न सांगता.

सगळ्यांत जास्त राग मला स्वतःच्या खुशीचा आला. पास झाले म्हटलं होतं मी.

पिल्लू पुढे चांगलं मोठं झालं. किंचित लंगडायचं, पण अंडी भरपूर द्यायचं. ती अंडी मी खाल्ली नाहीत वगैरे काही नाही, खाल्ली. ठाण्याच्या त्या तान्ह्या मुलाचं काय झालं ते मला कळलं नाही. मामांना कळलं असेल, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आईनं पुन्हा माझ्यासाठी कुणाला घरी बोलावलं नाही. धाकट्या दोघींची लग्नं माझ्याआधी झाली आणि दोन्ही मांडवांत मोठी अजून का राहिली याचं उत्तर आईनं एकच दिलं: "तिला कुणाचं करायची आवड नाही."

पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी उठले. चूल पेटवली, वडिलांच्या आंघोळीचं पाणी तापवलं, पिल्लाला कणी भिजवून घातली. आई तळ्यावर धुणं घेऊन गेली तशी मी साडी बदलली आणि मामांकडे गेले. ते ऑफिसला निघायच्या बेतात होते, ओट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते.

"मामा, ठाण्याला कळवा. मुलीला मंजूर नाही."

मामा नाडी हातात धरून तसेच राहिले. मुलीनं स्वतः येऊन असं सांगायची पद्धत नव्हती, त्यांच्याकडेही नव्हती आणि आमच्याकडेही नव्हती.

"कुणी पाठवलं तुला? वडिलांनी?"

"नाही."

"अक्काला ठाऊक आहे?"

"तळ्यावर गेलीय. आली की कळेल."

"अगं, मी शब्द दिलाय त्यांना."

"तुम्ही दिलाय ना, मग तुम्हीच परत घ्या."

मामांना राग आला होता, पण गाडीची वेळ झाली होती. "बघतो," म्हणाले आणि दुसरा बूट शोधायला लागले. मी उंबऱ्यातच उभी राहिले. "बघतो नाही, मामा. आज संध्याकाळी ठाण्याला उतरून सांगा. नाहीतर मी पत्र टाकते, पत्ता फोटोच्या मागे आहे."

मामी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगा हो. त्यात काय एवढं." मग मला म्हणाली, "चहा झालाय. घेऊन जा."

मी घेतला. साखर कमी होती.