आधी मल्लूचं ताट

आमचे शेजारी दत्तोजीराव मल्लूच्या आधी जेवत नाहीत. दाराजवळ त्याची स्टीलची ताटली मांडायची, तो खायला लागला की मगच आपला पहिला घास. मल्लू म्हणजे त्यांचा कुत्रा. तांबूस, वयस्कर, एक कान कायमचा पडलेला. कुठल्या जातीचा म्हणून कुणी विचारलं तर दत्तोजीराव सांगतात, "सरस्वतीपुरमचा हाय. आमच्यासारखाच."

आम्ही ह्यांच्या नोकरीपायी साताऱ्याहून म्हैसूरला, ह्या सरस्वतीपुरमात आलो. दत्तोजीरावांचं घराणं मात्र इथलंच. पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते. स्वतः ते रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. घरात मराठी बोलतात, पण दर तिसरा शब्द कन्नड. कुलदैवत मैलारलिंग, म्हणजे आपला खंडोबाच. खंडोबाच्या घरात कुत्र्याला मान असतो, चंपाषष्ठीला त्याला आधी घास घालतात, हे मलाही ठाऊक होतं. पण मल्लू नेमका चंपाषष्ठीलाच पिल्लू म्हणून दारात येऊन बसला, आणि दत्तोजीरावांच्या पत्नी रुक्मिणीबाईंनी तो एका दिवसाचा मान रोजचा करून टाकला. पुढे त्या गेल्या. रीत राहिली.

मी स्वतः नैवेद्य दाखवल्याशिवाय पाण्याखेरीज काही घेत नाही, त्यामुळे मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. हे मात्र म्हणायचे, "तुझा देव तरी वेळेवर जेवतो. त्यांचा देव आधी अंगणात फिरून येतो."

अडचण आली ती डोळ्यांची. दत्तोजीरावांचा डावा डोळा काचबिंदूने जवळजवळ गेलेलाच, आणि आता उजव्यावरही तेच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवलंत तर आहे तेवढंही दिसणार नाही. बंगळूरला त्यांचा मुलगा पुनीत असतो, तिथे सगळं ठरलं. पण ऑपरेशननंतर वाकायचं नाही, धूळ नाही, कुत्र्याला जवळ घ्यायचं नाही. दत्तोजीरावांनी तारीख पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली. शेवटी पुनीतचा मला फोन आला.

"काकू, तुमचं ऐकतील ते. मल्लूला कुठेतरी ठेवायची सोय करा ना. मी म्हटलं तर फोनच ठेवतात."

"मी ठेवून घेतलं असतं रे, पण आमच्याकडे सोवळ्याचं स्वयंपाकघर—"

"नको नको काकू, तुम्ही त्याला रोज आंघोळ घालाल."

खरं होतं ते.

म्हैसूरच्याच विजयनगर भागात एक बाई आपल्या घरी कुत्री सांभाळतात असं कळलं. विद्याश्री नाव. आजी मराठी बोलायची, म्हणून हिलाही थोडं येतं. मागे मोठं अंगण, पेरूची झाडं, प्रत्येक कुत्र्याला वेगळी खोली. तिने सांगितलं ते आम्ही एकेक केलं. लसींचं कार्ड शोधलं, खोकल्याची लस राहिली होती ती टोचून आणली, गोचिडांचं औषध मानेवर लावलं. "त्याच्या अंगाखालचं जुनं कापड आणा," असंही तिने सांगितलं होतं. मल्लू दत्तोजीरावांच्या जुन्या लुंगीवर झोपतो. ती लुंगी बघून माझ्याने राहवेना. मी ती गरम पाण्यात भिजवली, दोनदा साबण लावला, उन्हात कडक वाळवली आणि घडी घालून दिली.

विद्याश्रीने ती नाकाजवळ नेली आणि कपाळावर हात मारला. "अय्यो आंटी! घरचा वास पाहिजे म्हणून मागितली हो. ह्याला आता साबणाचा वास!"

दत्तोजीराव पहिल्यांदा हसले. "वैनींच्या हातून यमाचा रेडा पण धुऊनच बाहेर पडंल."

मग त्यांनी अंगातला शर्ट काढून दिला आणि बनियनवरच गाडीत बसून घरी आले. विद्याश्रीचा नियम असा की, आधी एक दिवस ठेवून बघायचं, रुळला तरच पुढचं. म्हणून मल्लूला सकाळी तिथेच सोडलं. संध्याकाळी आणायचं होतं.

दुपारी नैवेद्य झाल्यावर मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. पडवळाची भाजी, आमटी, भात. ते दाराजवळ रिकाम्या ताटलीकडे तोंड करून बसले होते.

"दत्तोजीराव, ऊटा झालं का?" मी त्यांच्याच कन्नडात जेवणाचं विचारलं.

"त्याचं झालं की माझं."

विद्याश्रीला फोन लावला. ती म्हणाली, सकाळपासून तोंड लावलं नाही. चिकनभात दिला, अंडं दिलं, नुसता दहीभात दिला. ताटलीपाशी बसतो, दाराकडे बघतो, पुन्हा बसतो.

दत्तोजीरावांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, आणि पोटात काही नाही. बोलता बोलता त्यांच्या हाताला कंप सुटला, कपाळावर घाम आला. मी धावत घरून साखर आणली, पाण्यात ढवळून पेला पुढे केला.

"बेडा," त्यांनी पेला मागे सारला.

"नको म्हणून कसं चालेल? हे जेवण नाही, औषध आहे. औषधाला उपास मोडत नाही, एकादशीलाही नाही." हे मी इतक्या ठामपणे सांगितलं की ते निमूट प्याले. थोड्या वेळाने हात थांबला. मग मला जरा रागच आला. "अहो, देवाला आपण नैवेद्य दाखवतो. देव काही उठून खात नाही, तरी आपण जेवतोच ना?"

"वैनी," ते शांतपणे म्हणाले, "देव उपाशी ऱ्हात न्हाई. ह्यो ऱ्हातो."

मी डबा झाकून ठेवला. हे ऑफिसातून आल्यावर आम्ही तिघं जाऊन मल्लूला घेऊन आलो. गाडीत दत्तोजीराव ह्यांना एवढंच म्हणाले, "पुनीतला सांगून टाका त्र्यंबकराव. डोळा गेला तर गेला. घर हाताला पाठ हाय."

ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मनात रामरक्षा म्हणत होते, ती चुकली.

घरी आल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडेच थांबले, दोघं जेवतात हे डोळ्यांनी बघायला. दुपारचा डबा गरम केला. दत्तोजीरावांनी मल्लूच्या ताटलीत भात कालवला, ती दाराजवळ ठेवली. दिवसभराचा उपाशी जीव, झडप घालेल असं मला वाटलं. मल्लू ताटलीपाशी बसला, आणि बघत राहिला. दत्तोजीरावांनी चटई अंथरली. तो बघतोय. ताट घेतलं, त्यात भात वाढला, ते मांडी घालून बसले, ताट पुढे ओढलं. तेव्हा कुठे मल्लूने मान खाली घातली आणि खायला लागला. मग दत्तोजीरावांचा पहिला घास.

इतकी वर्षं शेजारी राहून मी अर्धंच पाहिलं होतं.

"दत्तोजीराव, तुम्ही त्याच्यासाठी थांबता ना?"

"व्हय."

"तो तुमच्यासाठी थांबतो. तुमचं ताट वाढलेलं दिसल्याशिवाय तो तोंड लावत नाही. तिथे त्याच्यासमोर ताट घेऊन कोण बसलं होतं?"

त्यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "रुक्मिणी दोन्ही ताटं एकदम वाढायची. म्हणायची, मानाच्या पाहुण्याला एकट्याला जेवू घालू नये, यजमानानं समोर बसावं." मग मल्लूकडे बघून, "लबाडा, तू ध्यानात ठेवलंस, मी इसरलो."

मी विद्याश्रीला फोन केला. ती खदखदून हसली.

"म्हणजे मी ताट घेऊन त्याच्यासमोर खाली बसायचं? आणि तो सुरू करेपर्यंत हात लावायचा नाही? आंटी, आमच्या घरी नवऱ्याला पण एवढा मान नाही!"

"नवरा खंडोबाचा नाही ना."

"सरी, सरी. बसते. गुडघे दुखले तर तुमच्या देवाला सांगा."

पुढच्या रविवारी पुन्हा नेलं. या वेळी न धुतलेली लुंगी, शर्ट आणि त्याची ती जुनी ताटलीसुद्धा. दुपारी दत्तोजीरावांचं ताट वाढून मी फोन समोर ठेवला होता. देवघरात दिवा लावून आले होते, ते मी कुणाला सांगितलं नाही. फोन वाजला. विद्याश्री कुजबुजत होती, जसं काही पूजा चालली आहे. "बसले हो मी. बघितलं त्याने माझ्या ताटाकडे. दोन वेळा बघितलं. हां, आता... खातोय, खातोय."

दत्तोजीरावांनी डोळे पुसले नाहीत, काही नाही. फक्त म्हणाले, "मीठ द्या वैनी, आमटी अळणी हाय." आमटी अळणी नव्हती.

मल्लूला विद्याश्रीकडे ठेवलं आणि ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने दिसत नाही, त्यामुळे विद्याश्रीने पाठवलेला मल्लूच्या जेवणाचा फोटो बंगळूरला कामाचा नव्हता. पुनीत म्हणाला, "काकू, तो जेवला असं मी सांगितलं, तर ते म्हणतात कशावरून." मी हे तिला कळवलं. तिने काय करावं? मल्लूच्या ताटलीजवळ फोन ठेवून आवाजच पाठवला. ताटली चाटून चाटून तो फरशीवरून ढकलत नेतो, त्याची ती खरखर, आणि शेवटी भिंतीला लागल्याचा टणत्कार.

तो आवाज मी पुनीतकडे पुढे पाठवला आणि स्वयंपाकघराच्या दारात फोन धरून उभी राहिले. बऱ्याच वेळाने पुनीतचा निरोप आला. त्यांनी आवाज दोनदा ऐकला. मग पट्टीवरून हात फिरवत सुनेला म्हणाले, "वाढ ग, अन्विता."

"काय झालं?" ह्यांनी आतून विचारलं.

"जेवले," मी म्हटलं. "दोघंही."

"मग आम्हाला पण वाढणार का आता? नैवेद्य होऊन तास झाला."